उरलेले चारशे मीटर

कांदळवनातल्या रस्त्यावर सहा सायकलस्वार सकाळी मला ओलांडून गेले. शेजारी खाडीत बगळ्यांची शाळा भरली होती, पण हँडलवरच्या अंतर मोजणाऱ्या यंत्रावरून एकाचीही मान उठली नाही. यांना जंगल म्हणजे नुसता सावलीतला रस्ता!

पुढे चहाच्या टपरीशी पोचलो, तर ते सहाजण तिथंच सापडले. यंत्र म्हणत होतं, पन्नास किलोमीटरला चारशे मीटर कमी आहेत. म्हणून हे सहा घोडे टपरीपुढच्या टीचभर अंगणात गोल गोल फिरत होते. घाण्याचा बैल फिरला की निदान तेल तरी निघतं.

चहावाल्या मावशींनी विचारलं, "काय हो, यांचं काय हरवलंय?"

"अख्खं जंगल," मी म्हणालो.

मावशींनी शांतपणे चहा गाळला. "ते तर पाठीमागे राहिलं. मग इथं काय शोधतायत?"