पडणाऱ्या अक्षरांचा खेळ

कूलरमधल्या वाळ्याचा वास आला की आर्वीकडच्या आमच्या महाविद्यालयाची संगणक-खोली आठवते. मी तिथं संगणक शिकवायचो; एकदा प्राचार्यांच्या आदेशावरून दुपारभर एकेका यंत्रावर कमांड टाइप करून त्यातले सारे खेळ काढून टाकत होतो. शेवटच्या यंत्रावर कार्यालयातल्या बाई, पती वारल्यावर त्यांच्या जागी लागलेल्या, पडणारी अक्षरं टिपण्याच्या खेळावर रोज टायपिंगचा सराव करत. यंत्रानं ‘काढू का?’ विचारलं, तेव्हा त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. “सर, तेवढा राहू द्या ना. टायपिंगच्या परीक्षेत नापास झाली तं नोकरी जाईन माही.” “खेळ तो खेळच, बाई,” म्हणत मी होकाराची कळ दाबली. दुसऱ्या दिवशी एकाच कमांडनं तो परत बसवला, त्यांना तसं सांगितलंही. “आता राहू द्या, सर,” एवढंच म्हणाल्या. त्या यंत्रासमोर बाई पुन्हा बसल्या नाहीत. आजही यंत्रानं तोच प्रश्न विचारला की मी आधी मागे वळून पाहतो.