लाल रेघेखालचा चिकू

जयवंतीताई नव्या माणसाचं आधी वजन करायच्या, ओळख मग. २०१४च्या जूनमध्ये मी तलासरीच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. टेम्पोतून गाद्या उतरवून मी घाम पुसत उभा होतो. माझी बायको मीरा पाणी किती वाजता येतं याची चौकशी करत होती. ताई ओट्यावरून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होत्या. मला वाटलं, आता गाव विचारतील, निदान दिवे वेळेवर बंद करा असं तरी सांगतील. त्या म्हणाल्या, "पासष्ट. कपड्यांसकट."

दुसऱ्या दिवशी बाजारात एका किराणा दुकानात गोणी तोलायच्या काट्यावर मी उभा राहिलो. साडेचौसष्ट भरलं. गणिताच्या माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की केवढा आनंद होतो, ते गणिताच्या माणसालाच ठाऊक. मी घाईघाईने घरी येऊन ताईंना आकडा सांगितला. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग चपला काढून चढला असशील." चढलो होतो.

ताई वेवजी गावाच्या पुढच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका होत्या. वीसेक वर्षं त्यांनी दर महिन्याला पाड्यावरचं प्रत्येक पोर झोळीत घालून काट्याला टांगलं होतं, तक्त्यावर ठिपका दिला होता आणि तो हिरव्यात पडला, पिवळ्यात की लालमध्ये, ते त्याच्या आईला समजावलं होतं. त्यातून त्यांच्या हातालाच काटा फुटला होता. डहाणूहून बोंबील घेऊन येणारी कोळीण आमच्या दाराशी टोपली टेकवायची, पण ताई ओट्यावर दिसल्या की तिचं माप आपोआप सढळ व्हायचं. त्यांच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच. मोठ्या साहेबांनाही 'तू' आणि झोळीतल्या बाळालाही 'तू'. मला त्या 'मास्तर' म्हणायच्या, आणि त्यातही एक 'तू' असायचाच.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मीराने वापीहून एक पिल्लू आणलं. पॉमेरेनियन, दोन महिन्यांचं, तपकिरी. चिकूच्या बागांच्या डहाणूशेजारी राहून कुत्र्याचं नाव चिकू ठेवण्यात कल्पकता काहीच नव्हती, पण रंगच तसा होता. दुकानदाराने बारीक दाण्यांचं एक पाकीट दिलं होतं आणि बजावलं होतं, "आ ज आपजो, बीजुं कंई नहीं." हेच द्या, दुसरं काही नाही. मला ते दुकानदाराचं दुकान चालवणं वाटलं. घरात दूध आहे, भात आहे, मी स्वतः दूधभातावर वाढलो आहे, मग या पावभर प्राण्याला पाकीट कशाला?

ताईंनी पिल्लू तळहातावर घेतलं, जरा खालीवर केलं आणि म्हणाल्या, "सातशे." मग विचारलं, "तिकडं काय खात होता?"

मी पाकीट दाखवलं आणि दूधभाताचा माझा बेत सांगितला.

"नवं घर अन नवं खाणं एका दिवशी नाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "आई सुटली, जागा सुटली, आता जेवण पण सोडवतो त्याचं? पंधरा दिवस हेच दे. मग चार चमच्यांत एक चमचा नवा. तीन दिवस पोट बघ. मग दोन चमचे. मग तीन."

माझ्यासारख्या पदवीधराला पोटाचं गणित कुणी चमच्यांत सांगावं हे मला रुचलं नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, मीरा बाजारात गेल्याची संधी साधून मी वाटीभर दूधभात कालवला. चिकूने तो चाटूनपुसून खाल्ला आणि माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्याने त्याचा हिशेब घटक चाचणीच्या पेपरांवर चुकता केला. रविवारी सकाळी तो मान उचलत नव्हता. डहाणूचे डॉक्टर सोमवारशिवाय भेटणार नव्हते. मीरा माझ्याशी बोलत नव्हती, आणि ते योग्यच होतं.

ताई आल्या, वाटी बघितली. पाणी उकळून गार केलं, मीठसाखर घातली आणि चिकूला मांडीवर घेऊन चमच्याच्या टोकाने एकेक थेंब त्याच्या गालात सोडत राहिल्या. दिवसभर. मधेच त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडायच्या आणि ती किती वेळात जागेवर जाते ते बघायच्या. दुपारी तीनच्या सुमाराला चिकूने त्यांचं बोट चाटलं. तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा काम सांगितलं, "मास्तर, चा ठेव." एवढा चांगला चहा मी आयुष्यात कधी केला नाही. सोमवारी डॉक्टर म्हणाले की काल पाणी दिलं म्हणून हा इथपर्यंत आला. तेव्हापासून चिकूच्या खाण्याच्या बाबतीत आमच्या घरातला माझा मतदानाचा हक्क गेला.

मग सुरू झाली शनिवारची वजनं. अंगणवाडीत नवा काटा आला होता आणि जुना, बाद झालेला, ताईंच्या पडवीत टांगलेला होता. जुन्या पद्धतीचे काही कोरे तक्तेही त्यांच्या पेटीत उरले होते. त्यातला एक त्यांनी गंमत म्हणून काढला. बाळाचे नाव: चिकू. आईचे नाव: मीरा. वडिलांचे नाव या रकान्यात त्यांनी मला न विचारता माझं नाव घातलं. शाळेत कुणाला कळलं असतं तर मला बदलीच मागावी लागली असती. चिकू झोळीत चारही पाय वर करून लटकायचा, ताई आकडा वाचायच्या आणि ठिपका द्यायच्या.

ठिपका अर्थातच लाल रेघेच्या खाली पडायचा. माणसाच्या बाळाच्या तक्त्यावर पॉमेरेनियन कुठे पडणार? पहिल्या शनिवारी आम्ही तिघेही हसलो. ताई म्हणाल्या, "माझ्या हातून एवढं वाळकं पोर कधी गेलं नाय." तिसऱ्या महिन्यात मी आणि मीराच हसत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

कारण चार वाजता ताई पाड्यावरून परतल्या की चिकू त्यांच्या दाराशी जायचा आणि अर्ध्या तासाने जिभल्या चाटत यायचा. कधी अंड्याचा पिवळा बलक, कधी नाचणीची पेज, कधी कुटलेले शेंगदाणे. मी हटकलं तर म्हणायच्या, "अंगणवाडीतलं नाय हां. माझ्या घरचं हाय." जणू माझा आक्षेप सरकारी धान्याबद्दलच होता. पुढच्या गणपतीपर्यंत चिकू अकरा महिन्यांचा झाला. उंची कधीचीच थांबली होती, पण तो बाजूने वाढत होता. ओट्याच्या दोन पायऱ्या चढला की बसून धापा टाकायचा. पिल्लांच्या दाण्यांचं नवं पाकीट आणायचं की मोठ्या कुत्र्यांचं, असा प्रश्न आला तेव्हा मीराने विचारलं, आणि ताईंनी निकाल दिला, "पिल्लाचंच. अजून पिवळ्यात पण नाय आला तो."

आम्ही चिकूला डहाणूला न्यायचं ठरवलं. ताईही निघाल्या. पिशवीत तक्ता होता.

डॉक्टरांनी चिकूच्या बरगड्या चाचपल्या. म्हणजे चाचपायचा प्रयत्न केला. "छोट्या जातीचा आहे, याची वाढ झाली," ते म्हणाले. "आता वाढतंय ते नुसतं पोट. पिल्लांचं खाणं बंद करा, हळूहळू मोठ्यांच्या खाण्यावर आणा. नाहीतर हृदयाला जड जाईल. आणखी कोण काय देतं याला?"

मी भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक वाचू लागलो. ताई म्हणाल्या, "मी देते." आणि त्यांनी तक्ता टेबलावर पसरला. "सायेब, हे बघ. अकरा महिने. एक ठिपका वर नाय. अन तू म्हणतो, खाणं कमी कर?"

डॉक्टर हसले. वाईट माणूस नव्हता, त्यांच्या जागी कुणीही हसलं असतं. ताईंनी तक्ता घडी घालून पिशवीत ठेवला आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

परतताना चारोटीला गाडी बदलायची होती. गाडी भरेपर्यंत आम्ही एका हॉटेलच्या बाकावर बसलो. चिकू मीराच्या मांडीवर धापा टाकत होता. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "ताई, तक्ता माणसांचा, कुत्रा कुत्र्याचा. यात तुमची काय चूक?"

"मला ठाऊक हाय रं तो कुत्रा हाय," त्या म्हणाल्या. चहाचा ग्लास तसाच हातात होता. मग हायवेवरच्या ट्रककडे बघत त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या पाड्यावर एक पोर होती, सोनी. लालमध्ये होती. तिला जादाचं खाणं सुरू होतं, ताई स्वतः भरवायच्या. एका महिन्यात ठिपका पिवळ्यात आला. "मी खुश झाले. पाड्यावर सगळ्यांना दाखवला. अन तिचं जादाचं बंद केलं. एकदाच तोलली होती मास्तर, एकदाच. अंगावर जाडा झगा होता, तो उतरवला नाय मी. दिवाळीनंतर तिचे आईबाप वीटभट्टीवर कामाला गेले, तिला घेऊन. पावसाआधी परत आले ते दोघंच."

मीराने त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्या चपलांसकटच्या वजनाचा विनोद मी दोन वर्षं शाळेत रंगवून सांगत होतो. 'कपड्यांसकट' हा शब्द त्या का वापरतात, ते त्या बाकावर मला कळलं.

गाडीत बसल्यावर ताईंनीच तोडगा काढला. "दाणे बदल. चार चमच्यांत एक, तसंच. माझा खाऊ बंद. पण दर शनिवारी तोलणार. खाली गेला तर मी कुणाचं ऐकणार नाय, त्या डाक्टरचं पण नाय."

पुढचे आठवडे चिकूपेक्षा ताईंना जड गेले. चार वाजता तो त्यांच्या दारावर पंजा मारायचा आणि त्या आतून कडी लावून घ्यायच्या. एकदा मी पाहिलं, त्या दाराला पाठ लावून खाली बसल्या होत्या आणि आतूनच त्याला सांगत होत्या, "जा बाबा, जा. मी घरात नाय." चिकूचा यावर विश्वास नव्हता. पहिले दोन शनिवार त्याचं वजन थोडं उतरलं आणि ताई दोन्ही दिवस जेवल्या नाहीत. पण तो पायऱ्या उड्या मारत चढू लागला होता आणि एका सकाळी त्याने कोळिणीच्या टोपलीमागे रस्त्यापर्यंत धाव घेतली. त्यानंतर तीन शनिवार काटा एकाच जागी थांबला. तीन किलो दोनशे. तिसऱ्या वेळी ताईंनी त्याचा पट्टासुद्धा काढून ठेवला होता.

"मास्तर, तुझ्या शाळेतला चौकटीचा कागद आण," त्या म्हणाल्या.

मी आलेखाचा कागद आणला, अक्ष आखायला बसलो, तर त्यांनी पेन्सिल काढून घेतली. पहिल्या दिवसाच्या सातशेपासूनचे सगळे ठिपके त्यांनी जुन्या तक्त्यावरून नव्यावर उतरवले. रेघ चढत गेली, जरा फुगली, उतरली आणि आडवी झाली. मी शाळेत शिकवतो त्यापेक्षा स्वच्छ आलेख होता. त्या आडव्या रेघेच्या वरखाली त्यांनी हिरव्या पेन्सिलीने पट्टा रंगवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हा हिरव्यातच हाय," त्या म्हणाल्या. "हा एवढाच असायचा." त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

२०१९मध्ये माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवून झालं तेव्हा ताई ओट्यावर उभ्या होत्या, पहिल्या दिवशी होत्या तशाच. मला खालून वर बघून म्हणाल्या, "त्र्याहत्तर. याचं पिल्लाचं खाणं कवा बंद करायचं, बाय?" हा प्रश्न मीराला होता. मग त्यांनी एक गोणपाटाची पिशवी दिली. त्यांच्या शेतातले तांदूळ होते, आम्हा दोघांना पंधरा दिवस पुरतील एवढे, आणि वर चिकूच्या नेहमीच्या दाण्यांचं पाकीट. नवं घर आणि नवं खाणं एका दिवशी नाही.

चिकूला त्यांनी उचललं, पण आकडा काही सांगितला नाही. आलेखाचा कागद मात्र घडी करून माझ्या खिशात घातला. आठवण म्हणून मी तो जुना तक्ताही मागितला, लाल रेघेखालच्या ठिपक्यांचा.

"तो नको मागू, मास्तर," ताई म्हणाल्या. "तो चिकूचा नव्हताच."