विहिरीत शिकलेलं पोहणं

ट्रायथलॉनची तयारी कशी करावी याबद्दल मोबाइलवर शहाणी माणसं जे सांगतात, ते माझ्या काही कामाचं नव्हतं. म्हणे रोज पहाटे एकाच वेळी उठा! खापरखेड्याच्या वीज केंद्रात माझी पाळी दर आठवड्याला बदलते. त्यामुळे मी कधी उजाडताना पळायचो, तर कधी भर दुपारी, वसाहतीच्या भिंतीला लागून. कुत्री आधी भुंकायची, मग त्यांनीही माझा नाद सोडला.

हे खूळ डोक्यात शिरलं ते बायको गेल्यावर. तब्येतीसाठी करतो, असं मी लोकांना सांगायचो. ते खोटं होतं. ड्यूटी संपली की क्वार्टरचं कुलूप उघडायची मला भीती वाटायची. पोहणं, सायकल, पळणं अशी तीन-तीन कामं मागे लावून घेतली की घरी जायला तेवढाच उशीर. सोबतचे विचारायचे, "या वयात कोणाले दाखवायचं हाये गा?" मी हसण्यावारी न्यायचो. पण कोणाला दाखवायचं, हेच तर मलाही माहीत नव्हतं.

पळणं जमलं, सायकल जमली, घोडं अडलं ते पोहण्यावर. जलतरण तलावाच्या वेळा आणि माझ्या पाळ्या यांचा छत्तीसचा आकडा. शेवटी एका सुटीला सायकल काढली आणि काटोलवरून नरखेड तालुक्यातलं आमचं गाव गाठलं. तिथे आमच्या संत्र्याच्या बगीच्यात विहीर आहे, मी लहानपणी पोहायला तिथेच शिकलो. थोरला भाऊ वारल्यापासून बगीचा वहिनीच पाहते.

तिने आधी साफ नाही म्हटलं. आमच्याकडे विहिरीत एकट्याने उतरत नाहीत, काठावर कोणीतरी बसावंच लागतं. "घरातले दोघं गेले, आता तुमी राह्यले," ती म्हणाली. "मी बसीन काठावर, मंग उतरा." तेव्हापासून दर सुटीला ती संत्र्यांचा ढीग घेऊन काठावर बसायची. माझा एक फेरा झाला की एक संत्रं टोपलीत टाकायची. बोलणं फारसं नाही. मध्येच ओरडायची, "साठ झाले, निघा आता!" माझं काहीतरी कोणी मोजतंय, याचं मला फार बरं वाटायचं. तरी स्पर्धेची तारीख मी तिला सांगितली नाही. मेडल घेऊनच समोर जायचं, असा माझा ताठा.

स्पर्धा नागपूरबाहेरच्या एका तलावावर होती. पोहणं ठरल्या वेळेत झालं नाही तर पुढे सायकलला हात लावू देणार नव्हते. शिट्टी वाजली आणि मी जीव खाऊन हात मारले. डोकं वर काढून पाहतो तर बाकीचे सगळे उजवीकडे, कुठल्या कुठे. सोबत चालणाऱ्या होडीतला माणूस ओरडला, "काका, तिकडं कुठं जाऊन राहिले?" विहिरीत मी जन्मभर डावीकडे वळत गोल गोलच पोहलो होतो, सरळ पोहायची वेळ कधी आलीच नव्हती. मी नेट लावून सरळ व्हायचो आणि दहा हात मारले की पुन्हा डावीकडे. काठाला लागलो तेव्हा वेळ संपली होती. एका मुलीने वाकून माझ्या घोट्यावरची वेळ मोजायची पट्टी सोडवून घेतली.

तिथे सगळ्यांची माणसं होती. कोणाची बायको टॉवेल घेऊन उभी, कोणाची लेक व्हिडिओ काढत होती. मी तसाच ओला सायकलशेजारी बसलो. हरल्याचं वाईट वाटत होतंच. पण आता गुपचूप घरी गेलो तर हे घडलं होतं हेही कोणाला कळणार नाही, हे जास्त लागलं. मी वहिनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, डावीकडे वळल्याचंही. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "वहिनी, इथं सगळ्यांची माणसं आलीत. माझ्यासाठी कोणीच नाही आलं."



"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी बोलावलं कोणाले होतं?"

"कोणालेच नाही," मी म्हणालो.