आपांनी सुचवलेला टॅग

इम्रानचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आपा पुन्हा पासवर्ड विसरल्या. आठवड्यातून एकदा तरी त्या विसरायच्या आणि मग त्यांचा मुलगा इम्रान मला फोन करायचा. मी होटगीला माहेरी होते. भाचीच्या बारशाची भांडी घासून पालथी घालत होते. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी म्हणाले, "वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलाय म्हणावं, तिथंच बघा." तो म्हणाला, "ताई, अम्मी गेली. दुपारच्या नमाजानंतर दफन हाय." बस मिळून मी सोलापुरात त्यांच्या घरी पोचले तोवर जनाजा निघून गेला होता. बायका बसल्या होत्या. कोपऱ्यात आपांच्या चपला होत्या, एकावर एक चढलेल्या, त्या नेहमी काढायच्या तशाच...

याला आता चाळीस दिवस होऊन गेले. लोक मला म्हणतात, तुमची एवढी जवळीक होती, वाईट वाटत असेल. वाटतं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला राग येतो. तो का येतो हे सांगायचं तर आधी आपा कोण होत्या ते सांगावं लागेल.

मी बी.कॉम. झाले आणि एका ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला लागले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील रेल्वेत गँगमन, आई दुसऱ्याच्या रानात कामाला. ऑफिसात काम करायचं म्हणजे नेमकं कसं बसायचं, कुणाशी किती बोलायचं, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी मॅनेजरनं मला चहा सांगून यायला पाठवलं आणि मी उठलेही. तेवढ्यात आतल्या गोदामातून एक बाई बाहेर आल्या. हाताला काळी शाई, डोक्यावर पदर, कानात छोट्या रिंगा. म्हणाल्या, "ओ साहेब, पोरगी बी.कॉम. हाय. चहाला तुमी जावा की, तुमी तर दहावी हाय." सगळे हसले, मॅनेजरसुद्धा. त्या मुमताज आपा. त्यानंतर त्या ऑफिसात मला कुणी चहाला पाठवलं नाही. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

आपांचं काम चादरी-टॉवेलच्या गाठींवर मार्का घालायचं. गाठ कुणाची, कुठं जायची, आणि ती कशी हाताळायची, हे कुंचल्यानं गोणपाटावर लिहायचं. 'भिजू देऊ नये.' 'हूक लावू नये.' हमाल लोखंडी हूक खुपसून गाठ ओढतात आणि आतला माल फाटतो, म्हणून ते लिहायचं. एकदा आपा रजेवर असताना नव्या माणसानं खबरदारी म्हणून सगळ्याच गाठींवर 'हूक लावू नये' लिहून टाकलं. हमालांनी सगळ्याच गाठींना हूक लावले. आपा परत आल्यावर चिडून म्हणाल्या, "सगळ्यांवरच लिहिल्यावर ते कशाला वाचतील? त्यांना वाटलं, ह्यांची सवयच हाय." ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकली असेल. का, ते आता येईल.

दुपारच्या सुट्टीत मी मोबाईलवर गोष्टी वाचायचे. एक मराठी साइट आहे. टीव्हीवरची मालिका संपली तरी ज्यांच्या डोक्यातून ती जात नाही अशी माणसं त्याच पात्रांच्या आपापल्या नव्या गोष्टी लिहून तिथं ठेवतात, आणि बाकीचे फुकट वाचतात. प्रत्येक गोष्टीला लिहिणाऱ्यानं टॅग लावायचे, म्हणजे पात्रं कोण, गोष्ट कशाबद्दल, शेवट कसा, याच्या चिठ्ठ्या. त्या बघून वाचणाऱ्यानं आपल्याला हवी ती गोष्ट निवडायची. तेव्हा एका मालिकेतली सुलभा नावाची नर्स सगळ्यांची लाडकी होती. ती आणि रिक्षावाला गणपा यांचं जमणार असं वाटत असतानाच मालिका अचानक बंद झाली. आपा त्या चॅनेलवर फार चिडून होत्या. मी त्यांना ही साइट दाखवली, आणि ती माझी चूक झाली असं मी पुढची कित्येक वर्षं म्हणत आले.

पहिल्याच दिवशी त्यांनी 'शेवट गोड' हा टॅग निवडून एक गोष्ट वाचली. जेवणाचा डबा तसाच उघडा. थोड्या वेळानं मोबाईल माझ्यासमोर आपटला. "लग्न मोडलं! शेवट गोड म्हणं! हा माल बुक कुणी केला?" मी बघितलं तर गोष्टीला एकवीस टॅग होते. शेवट गोड, शेवट रडवणारा, अपूर्ण, पहिलाच प्रयत्न सांभाळून घ्या, गणपा, आमचा गणपा, कमेंट करा प्लीज. "एवढ्या चिठ्ठ्या लावल्यावर हमाल वाचतंय व्हय?" आपा म्हणाल्या. आणि तिथून सुरू झालं.

साइटला टॅग नीट लावणारे स्वयंसेवक हवे होते. आपांनी मला अर्ज भरायला लावला. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या बाईनं पुढं काय केलं ते मला पदवीधराला सुचलं नसतं. 'आमचा गणपा', 'गणपा रिक्षावाला', 'गणपादादा' हे सगळं त्यांनी एका गणपाखाली आणलं, म्हणजे कुठलाही टॅग दाबला तरी सगळ्या गोष्टी सापडाव्यात. 'अपूर्ण' असलेल्या गोष्टीला 'शेवट गोड' लावता येऊ नये असं त्यांनी साइट चालवणाऱ्यांना कळवलं. कारण एका ओळीत: अजून पोचलीच नाही त्या गाठीची पोच कशी देता? आणि त्यांचा मुख्य हट्ट असा की वाचणाऱ्याच्या मनाला लागेल अशी बाब, मरण, मारहाण, पोटातलं बाळ जाणं, ही इतर गप्पांत मिसळायची नाही. ती वर, वेगळी, आणि खरी असेल तरच. साइटवाल्यांनी हे सगळं मान्य केलं. मी मात्र पार वैतागले, कारण त्यांचे सगळे निरोप मला टाईप करावे लागत. मी मालाची पावती, म्हणजे बिल्टी, टाईप करत असले की त्या मागं उभ्या राहायच्या. "झालं का? आता लिही, 'रडू येईल' हा टॅग न्हाय. रडू कुणाला कशानंबी येतंय." शिवाय त्या प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय टॅगला हात लावत नसत. मी म्हणायचे, आपा, नुसते टॅग बघा आणि पुढं चला. त्या म्हणायच्या, "गाठ न उघडता आत काय हाय ते तुला कळतंय? मग तू मोठी."

आणि मग माझी गोष्ट आली.

सुलभा सिस्टरवर मीही एक गोष्ट लिहिली होती. साथीच्या दिवसांत ती गावोगाव फिरते, गणपा तिला रिक्षातून नेतो, दोघं एकमेकांना काही बोलत नाहीत, आणि शेवटच्या परिच्छेदात ती जाते. वाचणाऱ्याला कुठंही कल्पना येऊ नये म्हणून मी चार महिने ती गोष्ट घडवत होते. लोकांनी लिहिलं, धक्का बसला. आमच्या घरात माझ्या नावाचा कागद म्हणजे मार्कशीट. त्यानंतर माझ्या नावाचं काही असेल तर ही गोष्ट. शेकडो अनोळखी माणसांनी मला 'लेखिका' म्हटलं होतं. त्यातच एकीनं लिहिलं, 'आईला ऑपरेशनला आत नेलंय, मी बाहेर बाकावर बसून वाचत होते. जरा आधी सांगितलं असतं तर मी ही आज वाचली नसती.' मी तिला उत्तर दिलं नाही. आपांनी ती कमेंट वाचली आणि माझ्या गोष्टीला एक टॅग सुचवला: 'शेवटी मृत्यू'. नियम असा की स्वयंसेवकानं सुचवलेला टॅग लेखिकेनं मान्य केला तरच लागतो. तोवर सूचना बाकी राहते.

ती तीन वर्षं बाकी राहिली.

किती भांडलो आम्ही त्यावरून! मी म्हणायचे, "आपा, शेवट फुटतो की. मग गोष्टीत राहिलं काय?" त्या म्हणायच्या, "एका वळीनं फुटत असंल तर शिवण कच्ची हाय." हे मला फार लागलं. दोन दिवस बोलले नाही. मग मीच मध्यममार्ग काढला, 'शेवट सांगणार नाही, जपून वाचा' असा टॅग लावू का? आपा इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "आत काय हाय सांगणार न्हाय असं कुणी गाठीवर लिहितंय व्हय? घेणाऱ्यानं ती घ्यायची का पळायचं?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, "अगं, ती बाकावरची पोरगी. तिच्यासाठी लिही. बाकीचे वाचणारच हायत."

मी लिहिलं नाही. माझी गोष्ट, माझा शेवट.

आमची शेवटची भेट ऑफिसातच झाली. आपा बारीक झाल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, दातांचं चाललंय, खाता येत नाही. दर मंगळवारी रजा घ्यायच्या, दातांसाठी. एका बाईचे दात सात-आठ महिने कसे चालतात, हा प्रश्न मला पडू नये? मी बी.कॉम., मला बेरीज येते. पण मी माझ्याच नादात होते. त्या दिवशी पुन्हा तोच विषय निघाला आणि मी चिडून म्हणाले, "आपा, शेवट आधी कुणी सांगतं का?" त्या कुंचला पुसत होत्या. थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "न्हाय. न्हाय सांगत कुणी. बरोबर हाय तुझं." मला वाटलं, अखेर मी जिंकले. घरी जाताना खूश होते मी...

मंगळवार दातांसाठी नव्हता. किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस चालू होतं, हे मला दफनाच्या दिवशी इम्राननं सांगितलं. मी म्हणाले, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, "मी म्हणलो होतो, ताईला सांगू. अम्मी म्हणाली, नको, ती पोरगी रोज रडत येईल, माझं काम होणार न्हाय."

याचा मला राग आहे. जिनं अख्ख्या साइटला चिठ्ठ्या लावायला शिकवलं तिनं स्वतःवर एक चिठ्ठी लावली नाही. मला कळलं असतं तर मी मंगळवारी बरोबर गेले असते, डबा नेला असता, निदान त्या दिवशी भांडले नसते. बाकावरच्या त्या मुलीला काय झालं असेल हे मला होटगीत, राखेनं भरलेल्या हातांनी, फोन खांद्यावरून खाली घसरत असताना कळलं. आपा, हे तुम्ही मला नीट बोलूनही सांगू शकला असता. तीन वर्षं बोलतच होतात, असं तुम्ही म्हणाल. ते खरंच आहे आणि त्यामुळं जास्त चीड येते.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले. जेवणं झाली, पाहुणे पांगले. खिडकीच्या कट्ट्यावर आपांचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. इम्राननं तो चालूच ठेवलाय. गोदामातली माणसं अजून त्यावर फोन करतात, असं म्हणाला. बाजूला त्यांची वही, शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात पासवर्ड. मी तिथंच जमिनीवर बसले, माझा मोबाईल काढला, गोष्ट उघडली. 'शेवटी मृत्यू. मान्य / अमान्य.' मी मान्य केलं. काही झालं नाही. गोष्ट तशीच राहिली, फक्त वर एक ओळ आली. मी पहिल्यापासून वाचून बघितली. फुटली नाही.

कट्ट्यावरचा मोबाईल वाजला. इम्राननं उचलून बघितलं. "ताई, अम्मीला काहीतरी आलंय. 'तुमची सूचना लेखिकेने मान्य केली आहे.' कसली सूचना?"

"होती एक," मी म्हणाले. "जुनी." पदर सावरून मी निघायला उठले, दारातल्या चपला पायात सरकवल्या.

"थांबा, खाली अजून लिहिलंय," तो वाचत होता. "'याच लेखिकेकडे तुमच्या आणखी चार सूचना बाकी आहेत.'"

चार! तीन वर्षांत मी सूचनांची यादी कधी खालपर्यंत बघितलीच नव्हती. मी त्यांना मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग चपला काढल्या आणि पुन्हा खाली बसले.