कडी आतून घाला

चिंतामणी त्रिलोकेकर यांनी आयुष्यात एकच चित्रपट लिहिला, आणि त्यातील सर्वांत गाजलेले वाक्य त्यांचे नव्हते.

दिवसा सरकारी कचेरीत कारकुनी, संध्याकाळी लेखन, अशी त्यांची रीत. दादरच्या एका निर्मात्याने संवाद मागितले तेव्हा त्यांनी वीस वर्षे संसार केलेले एक जोडपे घेतले. एक खोली, दोन माणसे आणि अखंड बोलणे. ते बोलणे शोधावे लागले नाही. गिरगावातील चाळीत, त्यांच्याच घरात ते रोज चालत असे.

पंचावन्न सालच्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चा निघाला, त्या दिवशी चिंतामणी रजा टाकून घरी बसले होते. मोर्चात कोणी पाहिले तर नोकरी जाईल, ही धास्ती. पत्नी सरोजिनीबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या.

"अगं, गोळीबार झाला तर?"

"झाला तर कळेलच तुम्हाला. कडी आतून घाला. बाहेरचं मी बघते."

चिंतामणींनी खरोखरच कडी घातली. त्या चाळीत दिवसा दार लावले की घरात भांडण आहे किंवा आजारपण, असे समजत. शेजारच्या बकुळाबाईंनी दार ठोठावले तेव्हा चिंतामणी आतून म्हणाले, "ताप आहे." बाईंनी काढा करून आणून दिला. तो त्यांनी मुकाट्याने घेतला.

चित्रपटात मोर्चाच्या जागी गिरणीचा संप आला. नवरा संपाला निघतो, बायको रडून वाट अडवते, आणि तो म्हणतो, "कडी आतून घाल. बाहेरचं मी बघतो." पत्नीचे धैर्य त्यांनी घेतलेच, शिवाय आपला भित्रेपणा तिच्या नावावर करून दिला.

अठ्ठावन्न साली पहिल्याच खेळाला त्या वाक्यावर टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सरोजिनीबाईंचे हात मांडीवरच राहिले. परतताना त्यांनी एवढेच विचारले, "मी रडले होते का हो?"

"चित्रपटाची गरज असते, सरू."

"असेल."

त्यानंतर घरात फक्त कामापुरते शब्द उरले. पाणी आले. किल्ली ठेवली आहे. जेवायला चला. वीस वर्षे ज्या टोमण्यांवर ते कुरकुरत होते, ते आता ऐकू येईनात. आणि मागायचे तरी कोणत्या तोंडाने?

पुढच्या रविवारी दुपारी चाळीच्या अंगणात त्यांचा सत्कार झाला. चाळ समितीचे अध्यक्ष रामदासभाऊ म्हणाले, "असं वाक्य लिहायला छाती लागते!" मग बायकांनी सरोजिनीबाईंना पुढे ढकलले.

"वहिनी, नाव घ्या!" बकुळाबाई ओरडल्या. "लेखकाची बायको तुम्ही, साधासुधा उखाणा नाही चालायचा!"

चिंतामणींच्या हातातील नारळ घामाने ओला झाला. उखाण्याच्या दोन ओळींत सगळे उघडे पडले असते. सरोजिनीबाई म्हणाल्या,

"सत्काराच्या नारळाला हळदीकुंकू लावते,
चिंतामणरावांचं नाव घेऊन बोलायला त्यांना बोलावते."

हशा पिकला. चिंतामणी उठले, सर्वांचे आभार मानले आणि खाली बसले.

घरी आल्यावर ते म्हणाले, "आज तू सांभाळून घेतलंस."

"मी कुठं सांभाळलं? मी वाट पाहिली."

दुसऱ्या दिवशी कचेरीला जाताना ते चाळीच्या फळ्यापाशी थांबले. पाण्याच्या वेळा आणि सभांच्या सूचना जेथे लिहीत, तेथे त्यांनी खडूने लिहिले: "चित्रपटातील ते वाक्य माझ्या पत्नीचे आहे. मोर्चाला ती गेली होती. मला ताप नव्हता. मी कडी घालून घरात बसलो होतो."

संध्याकाळी रामदासभाऊंनी त्यांना गॅलरीत गाठून पाठीवर थाप मारली. "केवढा हा विनय! बायकोला श्रेय देणारा लेखक पहिल्यांदाच पाहिला."

"विनय नाही हो. खरं आहे ते."

"हाच तो विनय!" म्हणत भाऊ निघून गेले.

चिंतामणींना वाटले, खरे बोलूनही आपण पुन्हा कमाईच केली. इतक्यात बकुळाबाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ताप नव्हता? मग माझा काढा कशाला प्यालात?"

चिंतामणींच्या उघड्या दारातून सरोजिनीबाईंचा आवाज आला. कित्येक दिवसांनी तोच जुना, तिरका.

"अहो, द्या की उत्तर. बाहेरचं आता तुम्हीच बघा."

चिंतामणींची मान वर होईना. तशीच ती खाली ठेवून ते म्हणाले, "घाबरलो होतो, बकुळावहिनी. फार घाबरलो होतो."