नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी

पगाराच्या चिठ्ठीवर काय नाव असेल ते असो, डेपोत सगळे त्यांना भागाकारकाका म्हणत. सिग्नल लाल झाला की काकांची नजर मीटरवर जाई आणि बसने आजवर कापलेल्या किलोमीटरचे तुकडे पाडणं सुरू होई. तीनाने भाग जातो का? साताने? तेराने? मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कावल्या, तरी काकांचं घोडं सतरावर अडलेलं असे. "लोक भाजी चिरतात, हे आकडे चिरतात," असं काकू म्हणत.

पण काकांचा खरा जीव चिरल्या न जाणाऱ्या आकड्यांवर. एक आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग न जाणाऱ्या मूळ संख्यांवर! बसचं मीटर सहा आकडी. त्यात मावणारी सगळ्यात मोठी मूळ संख्या ९,९९,९८३. हजाराच्या आतल्या एकूण एक मूळ संख्येने काकांनी तिला भागून पाहिलं होतं, पण पठ्ठी कुणालाच बधली नाही. पुढची थेट सात आकडी, आणि तोवर मीटर फिरून शून्यावर येणार. तेव्हा त्याच आकड्यावर बस डेपोत उभी करून निवृत्त व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी महिनाभर त्यांनी कुणाकुणाशी फेऱ्या बदलल्या आणि किती जणांना चहा पाजला, ते कँटीनवाल्याला विचारा.

शेवटच्या दिवशी हिशेब अगदी जमला. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, मीटर ९,९९,९८२, आणि डेपो तिथून बरोबर एक किलोमीटर. गेटवर काकू आणि त्याच डेपोत नुकतीच ड्रायव्हर झालेली मुलगी वाट बघत होत्या.

"दवाखाना आला का हो?" मागच्या सीटवरून आवाज आला.

नवऱ्यासाठी रोज डबा नेणारी आजी! तिचा डोळा लागला होता, आणि दवाखाना एक किलोमीटर मागे राहिला होता.

"पुढची बस अर्ध्या तासात येईल, आजी," कंडक्टर घाईने म्हणाला. त्याला काकांची काळजी.

काकांनी मीटरकडे पाहिलं, मग डब्याकडे. "तोवर जेवण निवेल," ते म्हणाले आणि त्यांनी बस वळवली.

डेपोत मीटर थांबलं ९,९९,९८५ वर. शेवटी पाच! शेंबडं पोरसुद्धा फोडेल असा आकडा. काकांना फार वाईट वाटलं. घरी येऊन ते धड जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती बस मुलीकडे गेली. सकाळीच तिचा फोन आला.

"बाबा, थांब्यावर उभी आहे. मीटर फिरलं! शून्य होऊन आता दोनवर आलंय. दोन मूळ संख्या ना?"

"अगं, सगळ्यात पहिली!" काका ताडकन उठून बसले.

चहा संपतो न संपतो तोच पुन्हा फोन. "बाबा, तीन!"

लागोपाठ दोन! उभ्या नोकरीत हे काकांच्या नशिबी आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"नीट चालव," ते म्हणाले. "आणि ऐक, चारला फोन करू नकोस. पाचला कर."