काम वेळेआधी संपवणारी माणसं

मंदी हा शब्द मला आता ऐकवत नाही. शेठ लोक तो असा उच्चारतात की जणू कुठली साथच आली, कोणाचा काही दोष नाही. साथीत माणसं मरतात आणि शेठच्या दारात नवी गाडी उभी राहते, हे कसं ते मात्र कोणी विचारायचं नाही.

माझे बाबा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. पंपांचे भाग लेथवर कातायचे. त्या वर्षी ऑर्डरी आटल्या. आधी ओव्हरटाइम गेला, मग कंपनीची बस बंद झाली, मग अर्ध्या शेडमधल्या मशीनांवर ताडपत्री पडली. चहाला चार माणसं जमली की एकच विषय: छटणी. कोणाला काढणार?

मी तेव्हा कामगारांच्या एका लहानशा संघटनेत होते. पत्रकं लिहायची, छापून आणायची आणि सकाळच्या पाळीला वेगवेगळ्या गेटांवर वाटायची. बाबांच्या कारखान्यात एकच मोठी ऑर्डर उरली आहे असं कळलं, तेव्हा मी जेवताना सरळ सांगितलं, "ही दिवाळीपर्यंत पुरवा. ती संपली की तुम्ही संपलात."

"म्हणजे हात आखडून काम करू?"

"नेमाचं तेवढं करा. जास्तीचं कशाला?"

"मशीन मोकळं आणि माणूस गप्पा हाणत उभा, हे मला बघवत नाही. ते आमच्यात नाही."

"तुमच्यात काय आहे मग?"

आई म्हणाली, "पुढारीणबाई, आधी ताटातलं संपवा."

बाबांनी आणि त्यांच्या रांगेतल्या सगळ्यांनी नेमकं उलटं केलं. शेठनं बघावं म्हणून पाळीच्या आधी जाऊन उभे राहू लागले. जेवणाची सुट्टी अर्ध्यावर सोडू लागले. शेजारच्या मशीनवरचे काका आणि बाबा वर्षानुवर्षं एकमेकांचे डबे खायचे. आता दोघं आपापल्या मशीनपाशी उभ्यानंच चार घास गिळायचे. तो किती जॉब काढतो यावर याची नजर, याच्यावर त्याची. प्रत्येकाला वाटत होतं, काढलं तर त्याला काढतील, मला नाही. भीती मी समजू शकते. ही शर्यत मात्र नाही.

ऑर्डर नवरात्रीच्या आधीच पुरी झाली. बाबा घरी आले ते खुशीत. "सुपरवायझर गुजरातीत काय म्हणाला माहितेय? काका, तमे तो कमाल करी नाखी!"

दुसऱ्या दिवशी शेठनं सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. आपण सगळे एक परिवार आहोत म्हणाला. त्यावर टाळ्या झाल्या. मग म्हणाला, मंदी आहे, हाताला काम नाही, लेथवाल्यांनी उद्यापासून घरी बसावं, काही आलं तर बोलावू. आणि प्रत्येकाला काजूकतलीचा बॉक्स दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलणार? काम नाही हे खरंच आहे. आम्हीच संपवलं ना." हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. होताच. मला शेठची शिसारी आली, त्या चांदीच्या वर्खाची आली, आणि खरं सांगायचं तर त्या अभिमानाचीही आली.

आईनं काजूकतली आमच्या वाडीतल्या गल्लीत वाटून टाकली. कोणी विचारलं तर म्हणायची, कंपनीतून आलीय. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

दिवाळीनंतर एका ठेकेदाराचा फोन आला. शेड तीच, लेथ तोच, फक्त आता रोजावर. फंड नाही, रजा नाही. आठवड्याचं काम आहे म्हणाला. मी पत्रकाची भाषा बाजूला ठेवली, अक्षरशः हात जोडले. "बाबा, आता दिवसाचे पैसे आहेत. आठवड्याचं काम आठवडाभर करा."

"कळतं गं मला," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

आठवडा अर्धाही झाला नव्हता, तोच एका दुपारी परत आले. मोरीत बसून धुण्याच्या पावडरीनं हाताचं ऑइल काढत राहिले. आईनं न विचारता चहा टाकला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ठेकेदार म्हणाला, बस काका, पती गयुं, संपलं. आता फोन करीन."

"सगळं काम? एवढ्यात?"

"एकही जॉब रिजेक्ट नाही गेला," बाबा म्हणाले.

माझ्या तोंडात शिव्याच शिव्या आल्या होत्या. त्या शेठसाठी होत्या, ठेकेदारासाठी होत्या, आणि समोर हात पुसत बाबा उभे होते. मी त्यांना टॉवेल दिला.